डावखुरा

जांभळी नाक्यावर माझं दुकान म्हणजे एक फळकूट, एक स्टूल,
आणि भांड्यांच्या दोन दुकानांमधली फट.
चमच्यापासून हंड्यापर्यंत नावं घालतो.
जोडीला रबरी शिक्के.

माजिवड्याच्या फिलू परेराबाई ताट देऊन म्हणाल्या,
फ्रेमवाला जेवायला गेलाय, हेही तासभर सांभाळा.
वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. सासऱ्यांच्या पेटीत सापडलं.
सांभाळा म्हणाल्या. बघू नका म्हणाल्या नाहीत.

एक पोर. सात-आठ वर्षांचं.
अंगावर चिलखत, खांद्यापर्यंत कुरळे केस,
गळ्याशी लेस एवढी
की तिच्यावर डोकं वाढून ठेवल्यासारखं.
कुठल्या मुलखाचा राजपुत्र, देव जाणे.
खालची भाषा बापजन्मी न ऐकलेली.

पण कागदाच्या कडेनं बोट फिरवलं
तर चौकोनी खळगा लागला.
इथे तांब्याचा पत्रा दाबला होता.
मग मी कागद सोडून पत्राच बघायला लागलो.

चिलखत एका दमात मारलंय. पोलाद सोपं असतं.
केसांत तर गडी शीळ घालत असणार.
गालावर आला आणि रेघ सोडली,
नुसते ठिपके, खसखशीहून बारीक,
विरळ होत होत
ओठाखाली काहीच नाही.
तिथं हात थांबवायचा असतो, हे शिकेपर्यंत
मी वडिलांची चाळीस पातेली बिघडवली.

मग तलवार दिसली. उजव्या कमरेला.

शिक्केवाल्याला सांगावं लागत नाही:
पत्र्यावर सरळ ते कागदावर उलटं.
अक्षरं आठवणीनं उलटी कोरली बाबानं,
तलवार विसरला.
तेव्हापासून राजाचं पोर डावखुरं.

डाव्या हातानं जेवतो म्हणून
आईनं माझं मनगट पदराच्या गाठीत बांधलं होतं.
शाळेत पट्टी वेगळी.
हातोडी मात्र कुणी काढून घेतली नाही,
त्या हाताचं अक्षर वळणदार होतं.

याला कुणी काही बोललं असेल का?
का दरबारात सगळ्यांनी माना डोलावल्या, हुबेहूब, हुबेहूब,
आणि हा रात्री आरशासमोर
तलवार या कमरेची त्या कमरेला करत बसला?

फ्रेमवाला ढेकर देत आला.
काळी पट्टी की सोनेरी, त्यानं मलाच विचारलं.
मी म्हटलं, काच जाड लाव.

ताट मांडीवर घेतलं. हातोडी डाव्या हातात.
बाईंनी चिठ्ठीवर दिलेलं नाव सरळच घालायचं होतं.
तरी पहिलं अक्षर मारण्याआधी
दोनदा बघितलं.