सात हजार आठशे वेढे

पार्सल आलं तेव्हा बाहेर बेचाळीस डिग्री.
फरशीवर दोन डबे: एक महाग, तीन पिकअपचा पुरता संच,
दुसरा फेविकॉलचा, नदाफ मिस्त्रींनी दिलेला,
आत केसाहून बारीक तांब्याची तार
आणि सहा लोहचुंबक, विझल्या बिडीच्या थोटकाएवढे.

गिटार सायमनकाकांच्या ऑर्केस्ट्रातली.
डीजेनं लग्नं खाल्ली. काकांनी सामान विकलं,
कीबोर्ड विजापूरला गेला, ढोलकी कुठल्याशा शाळेत.
ही राहिली. हिचा घसा बसला होता.

दुकानदार फोनवर म्हणाला, दुहेरी कॉइलचा घ्या मॅडम,
एक दुसऱ्याचं घुमणं खातं, एकदम शांत.
मला सिंगलच पाहिजे होता, जुन्या घडणीचा.
जुन्या म्हणजे?
साठ सालच्या, मी म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर मोजत बसले:
साठ साली आजोबा गिरणीत साच्यावर उभे,
भोंग्यावर उठत, भोंग्यावर जेवत.
हा जुना आवाज आमच्या घरात कुणीच ऐकलेला नाही.
मग मला आठवण येते ती कशाची?

महाग संच आधी लावला.
पहिली तार छेडली:
कडक भाकरी मोडल्यागत आवाज.
कट्.
आणि त्याच्यामागून चुरा सांडत राहावा, तसा.
दुहेरीत ही भाकरी दुधात भिजते, मला माहीत आहे.
पण त्याच्याखाली, सतत, घूंऽऽ.
भद्रावती पेठेत एका लाइनीवर चाळीस माग,
सगळे माझ्या अ‍ॅम्पमध्ये येऊन बसलेले.
मागांकडे तोंड केलं की वाढतं,
मारुतीकडे वळलं की मरतं.
मी खोलीत गोल फिरत देव शोधल्यासारखी.

रात्री आठला लाइट गेली. माग थांबले,
घुमणं थांबलं.
अ‍ॅम्पही.

फेविकॉलच्या डब्याचं आईनं मनावर घेतलं.
तार बघितली, चिमटीत ओढली, म्हणाली,
ही तर कांडीच की, भाग्या.
वीस वर्षं कांड्या भरल्यात तिनं, शेकड्यावर पैसे.
नदाफांच्या पंखे भरायच्या मशीनचा आकडा
शंभराला अडकतो, म्हणून तिनं चिंचोके घेतले,
दर शंभराला एक, बशीत.
ओकटी, रेंडु, मूडु.
एकतीसाव्या चिंचोक्याला तार तुटली.
ती काही बोलली नाही. बशी उपडी केली,
पुन्हा ओकटी.

जाणकार सांगतात, जुन्या पिकअपची गोडी
हातानं भरलेल्या, जरा विस्कटलेल्या वेढ्यांत असते.
आईला विस्कटलेलं खपत नाही.
एक धागा दुसऱ्यावर चढला की तिच्या कपाळाला आठी.
पण मोतीबिंदूनंतर तिचा हात थोडा हलतो.
गोडी म्हणायची तर तेवढीच.

सायमनकाकांनी चर्चमधली उरलेली मेणबत्ती वितळवली,
तीत कॉइल बुडवलं, बुडबुडे संपेपर्यंत थांबलो.
मीटरवर पाच पूर्णांक चार.
कमी भरलंय बे, मिस्त्री म्हणाले, पण नाराज नव्हते.

मी संच फोडला. मानेपाशी आईचा,
मधे आणि ब्रिजपाशी विकतचे.
उरलेला एक परत घेणार नाही, दुकानदार म्हणाला,
वर म्हणाला, जोडी कुणी फोडतं का.

आईचा मवाळ आहे. भाकरी मोडते,
पण शेजारच्या खोलीत.
मंद्र तार वाजवली की शेवटी काहीतरी उरतं,
मी त्याला नाव देत नाही.
घुमतोही सगळ्यांत जास्त.

ऐक ना, म्हटलं तिला, हा तू भरलेला.
ती बिड्यांचं सूप मांडीवर घेऊन बसली, ऐकलं,
पूर्ण ऐकलं, मान तिरकी करून.
छान हाय, म्हणाली.
ते मागासारखं घूं तेवढं बंद कर.
जल्मभर तेच ऐकलंय.

मी मारुतीकडे वळले.
अजून थोडं, ती म्हणाली.
अजून थोडी वळले,
आता तिच्याकडे माझी पाठ होती.
हां, म्हणाली, आता वाजव.