मदत करू नका

खारघरच्या दवाखान्यात तळघरात
उन्हाळा पोचत नाही.
शर्ट खुंटीला. मी टेबलावर,
दोन्ही हात डोक्यामागे, मुठीत दांडा,
पाठीखाली माझ्याच पाठीचा साचा:
निळी पिशवी, पहिल्या दिवशी तिच्यातली हवा ओढून घेतली
तेव्हा खाचराच्या चिखलात पाऊल वाळावं
तशी कडक झाली. कडेला मार्करने लिहिलंय
हसुराम भोईर, डावं फुप्फुस.

मी जरा सरकतो, त्यांना सोपं जावं म्हणून.
"काका, मदत करू नका," प्रणोती म्हणते,
"अंग सोडा. गोणीसारखे पडा. आम्ही हलवतो."
आणि चादर ओढून हलवते मला
दोन मिलिमीटर. परत एक.

सत्तर वर्षांत हे कोणी म्हणालं नव्हतं.
मी सर्व्हेचा खलाशी.
याच डोंगराखाली उंच पट्टी उभी धरून
हात वर, तासन्‌तास,
लांब दुर्बिणीला डोळा लावलेला साहेब पंजा हलवायचा:
डावीकडे. अजून. मागे ये. बस्स.
बस्स म्हटलं की खुंटी ठोकायची.
एक खुंटी आमच्याच खाचरात आली.
मी काही बोललो नाही. सरळ ठोकली.
वाकडी ठोकली असती तर
साहेबाने दुसऱ्याकडून ठोकून घेतली असती.

आता भिंतींतून हिरव्या रेघा येतात,
छातीवर एकमेकींना कापतात.
तिथे तीन ठिपके, सुईने टोचलेले,
मोहरीएवढेही नाहीत.
घरी ते बघून बारकूबायने आपलं मनगट पुढे केलं,
त्यावरची हिरवी तुळस, लग्नाआधीची:
"आता तुला पन गोंदलन. रडलास का?"

आज रेघ ठिपक्यावर बसत नाही.
साडेतीन किलो उतरलोय, कातडी सैल झालीय.
खूण सरकली, का मीच सरकलो आतून?
प्रणोती वाकते, श्वास रोखून बघते.
तिने रोखला म्हणून मीही रोखतो.
"तुम्ही नका, काका. तुम्ही साधा घ्या."

साधा.
कोणी बघत असताना
साधा श्वास कसा घेतात?

मग सगळे जातात. जाड दार सरकत बंद होतं.
बोटांना मुंग्या. नाकाला नेमकी आत्ता खाज.
छताला कोणीतरी आभाळाचं चित्र चिकटवलंय,
एका कोपऱ्यात सुटलेलं.
यंत्र माझ्याभोवती फिरतं, गुरगुरतं, थांबतं.
मी मदत करत नाही.

"झालं काका. आज एकोणीस. हात हळू खाली घ्या."

हात लगेच येत नाहीत.
तेव्हाही यायचे नाहीत.
साहेब जीपमध्ये बसून निघाला तरी
मी पट्टी धरून उभा असायचो.