पाळी

दुपारी दोनला करायची, सकाळची पहिली नको,
खालच्या फार्मसीतली शीजा सांगते,
कागदी पिशवीची घडी दोनदा घालते, आतलं दिसू नये म्हणून.
आणि आधी दोन तास पाणी प्यायचं नाही.
शारजात, जूनमध्ये,
पाणी प्यायचं नाही.

कपात काडी धरते, मनात पाच मोजते,
वॉशिंग मशीनवर आडवी ठेवते
आणि पाच मिनिटं दुसरीकडे बघते.
समोरच्या एसीच्या खोक्यावर कावळा.
हेही आपल्याकडचेच म्हणे, जहाजांवरून आलेले,
व्हिसा-बिसा काही नाही.
गुहागरची आत्या पाळी म्हणायचीच नाही,
कावळा शिवला म्हणायची.
इथे तो खिडकीबाहेर बसून वाट बघतो
आणि शिवतो,
एक दिवस मागे नाही, एक दिवस पुढे नाही.

आमच्या घरात पाळी दोघांनाही असते.
यतीनची चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी.
माझी अठ्ठावीस.
चौदा दुणे अठ्ठावीस,
दुसरीतल्या पोराला जमणारं गणित
आम्हाला लग्नाच्या चौथ्या वर्षी सुटलं:
दुसरी रेघ गडद होते
तेव्हा तो रिगवर असतो.
दर महिन्याला. घड्याळ आहेस अगदी,
डॉक्टरीणबाई कौतुकाने म्हणाल्या होत्या.

सासूबाई फोनवर काही विचारत नाहीत.
सगळं बोलून झालं की म्हणतात, "बाकी?"
आणि थांबतात.
मी म्हणते, बाकी काही नाही.
बाकी शून्य.

आज पाच मिनिटांनी वळून पाहिलं
तर दोन्ही रेघा सारख्या, जांभळ्या, जुळ्या बहिणींसारख्या.
फोटो काढला, पाठवला.
यतीनचं कामच काटे वाचायचं, दाब, तापमान, पातळी;
माझ्या रेघाही तो तशाच वाचतो:
"कालच्यापेक्षा गडद. रीडिंग ओके."
पुढे काहीच नाही. पुढे काय लिहिणार,
मध्ये अख्खा समुद्र.

मग रात्री फोन. आवाज दबलेला, मागे भांडी.
मेसमध्ये फोटो बघताना तौफिकने मागून पाहिला.
दोन रेघा!
दोन रेघांचा अर्थ सगळ्या जगाला एकच माहीत.
मबरूक, मबरूक, त्याने टेबल वाजवलं,
स्वयंपाकी बाहेर आला,
कुणीतरी खजुराचा डबा उघडला,
एका फिलिपिनो पोराने त्याला मिठी मारली.
"अगं, सांगणार कसं होतो,
की हे ते नाही, हे त्याच्या आधीचं आहे?
मी खजूर खाल्ला."

मी गप्प.
"ऐक ना. तौफिक म्हणाला, अशा वेळी माणसाने बायकोजवळ पाहिजे.
माझे चार दिवस तो भरतोय.
उद्या सकाळच्या हेलिकॉप्टरवर नाव टाकलंय."

मी हसायला लागले, मग थांबताच येईना,
न्हाणीघरात स्टुलावर बसून,
एका हातात फोन, दुसऱ्यात काडी,
आणि हसता हसता कधीतरी ते रडणं झालं,
तिकडे त्याला रेंजमुळे कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी चार वाजता बेल.
तोंडावर उन्हाचा राप, पाठीवर पिशवी,
हातात उरलेल्या खजुराचा डबा,
चोरून आणल्यासारखा छातीशी धरलेला.
"हे तुझे," म्हणाला. "म्हणजे, आगाऊ."
उभ्या उभ्या एकेक खाल्ला.
बिया कुठे ठेवायच्या दोघांनाही सुचेना.

किती तास झाले, त्याने विचारलं.
सव्वीस.
मग?
छत्तीसपर्यंत धरून चालायचं, शीजा म्हणते.
बरं, म्हणाला, बूट काढायला खाली वाकला
आणि सोफ्यावर तसाच कलंडला, एक बूट पायातच.
आदल्या रात्रभराची पाळी करून आलेला माणूस.

मी दुसऱ्या बुटाची नाडी सोडली.
एसी एका अंशाने वाढवला.
दहा तास होते हातात.
त्यातला एक
त्याला झोपू दिला.