एकेचाळीस नंबरचं झाड

नकाशात झाडं जन्मतःच मोठी असतात.
कंपासनं काढलेली, सगळी सारख्या घेराची,
वीस वर्षांनंतरची सावली आत्ताच अंगाखाली घेऊन
रस्त्याच्या दोन्ही कडांना उभी.
आणि इथं, सस्कॅचेवानमधल्या एका शहराच्या टोकाला,
परवापर्यंत जिथं कनोला पिवळाधमक फुलायचा,
तिथं माझ्यासमोर काठ्या आहेत.
दोन खुंटांना बांधलेल्या,
माझ्या अंगठ्याहून थोड्या जाड.

मी मोजते. पगार त्याचाच.
दर बारा मीटरला एक झाड.
दिव्याच्या खांबापासून सहा मीटर,
आगीच्या नळापासून तीन,
गाडीच्या वाटेपासून दोन.
खोड पन्नास मिलिमीटर, जमिनीपासून वीतभर वर.
एका जातीची सलग सहा नकोत,
कारण एल्मचा रोग रांगेत शिरला
की रांग संपेपर्यंत थांबत नाही.

बिल्डरचा माणूस, गॉर्ड फेहर, मागून चालतो,
हातात कॉफी, तोंडात ठरलेलं वाक्य:
"मी घरं विकतो, बाई. झाडं नाही."
त्याची अनामत आमच्याकडे अडकलेली.
झाडं दोन हिवाळे तगली की पैसे परत.
तिसऱ्या हिवाळ्याबद्दल
नियमावलीत अक्षर नाही.

एकेचाळीस नंबरपुढे जागाच उरली नव्हती.
इकडे दिवा, तिकडे नळ, मधे गाडीची वाट,
खाली गॅसची पाइप.
अशा वेळी नियम म्हणतो, झाडाऐवजी रोख.
गॉर्डनं साडेसहाशे डॉलरचा चेक फाडला,
मी शिक्का मारला,
आणि एक झाड कागदोपत्री
कुठल्याशा निधीत जाऊन पडलं.

तेवढ्यात दार उघडलं.
हालिना प्रितुला, वय एक्याऐंशी,
गावाकडचं घर विकून मुलानं इथं आणलेली.
"सगळ्यांना दिलंत. माझं कुठंय?"

मी समजावलं. निधी, तरतूद, पर्यायी लागवड.
लहान मुलाची थाप ऐकावी तसं तिनं ऐकून घेतलं.
मग म्हणाली,
"म्हणजे आहे. फक्त दुसरीकडे आहे.
पत्ता द्या."

पैशाला कसला पत्ता?
पण ऑक्टोबर होता, वारं हाडात शिरत होतं,
ती गाऊनवर उभी, पायात मुलाचे बूट.
मी डायरीचं पान फाडलं. लिहिलं:
तळ्याकाठची बाग. लिंडन.
कुंपणापासून चौथं.
बस नंबर बारा.

अठरा वर्षांच्या नोकरीत
मी दिलेला एवढाच खोटा दाखला.

जूनमध्ये बागेच्या माळ्याची, तेवोल्देची, नोंद आली:
एक म्हातारी दर रविवारी
साबणाच्या रिकाम्या कॅनमधून पाणी आणते,
सशांनी साल खाऊ नये म्हणून
तिनं खोडाभोवती कोंबड्यांची जाळी गुंडाळलीय.
परवानगी नाही. काय करू?
मी शेरा मारला, "पाहिले."
पाहिलं नव्हतं.

दुसरा हिवाळा उणे चाळीसपर्यंत गेला.
गॉर्डची सतरा झाडं मेली,
त्यानं सतरा नवी लावली, शिव्या देत.
मेच्या अखेरीस, माझा विभाग नसताना,
मी बारा नंबरची बस धरली.

पहिल्या तीन लिंडनना पालवी होती.
चौथं उघडं.
अशा वेळी आम्ही अंगठ्याच्या नखानं
साल किंचित खरवडतो.
आत तपकिरी, तर गेलं.
आत हिरवं, तर थांबायचं.

मी वाकले, जाळी बाजूला केली.
तिथं आधीच ओरखडे होते.
बारीक, एकाखाली एक, सात-आठ,
जुने सुकून काळे पडलेले,
आणि शेवटचा
बहुतेक कालचा, रविवारचा,
अजून ओला.

सवयीनं मी खोड मोजलं.
त्रेपन्न.
कुठल्या रकान्यात लिहायचं, कळेना.