कॉलर

हवा मोजायला हुबळीहून एक पोरगं आलं.
आमच्या फौंड्रीत, उद्यमबागेत.
साबणाच्या वडीएवढा पंप, त्याला बारकी नळी,
नळीच्या टोकाला चिमटा.
नाकाजवळ पाहिजे म्हणाला, कॉलरला,
आठ तास काढायचा नाही.

भट्टीवर बसवंताला लावला. कलाप्पाला लावला.
मग कोअर शॉपात आला.
आम्ही सात बायका, वाळूत कोपरापर्यंत.
चिमटा हातात धरून माझ्यापुढं उभारला
आणि नजर खाली घातली.
लुगड्याला कॉलर नसते की.
पदर हलतो, रीडिंग चुकतं, असं कायतरी बोलला
आणि सुपरवायझरच्या शर्टाकडं गेला.

सुपरवायझर काचेच्या खोलीत बसतो.

मी म्हटलं, बाळा, रेझिन मी कालवतो.
रोज सहा डबे. वरनं कॅटॅलिस्ट मीच ओततो.
पोरगं पुण्यात दोन वर्षं राहून आलेलं, हसलं.
अक्का, कालवतो नव्हे, कालवते.
तुझ्या पुण्यात असंल, म्हटलं.
आमच्याकडं गडीबी जातो, बाईबी जातो.
येळ्ळुरात माझी आई 'येतो' म्हणूनच गेली.

बोलण्यात फरक नाही आमच्यात.
खरं हातमोजे दहा नंबरचेच येतात,
बोटांच्या पुढं एकेक पेर रिकामं,
साच्यात अडकतंय.
मी काढूनच ठेवतो.
रात्री भाकरी थापताना पिठाला समजतंय
कुठल्या बोटाला चीर गेलीया.
निंगव्वाला सातवा लागला तरी
थिनरच्या फडक्यानं साचे पुसत होती.
तिला कुणी विचारलं नाही, तिनंबी सांगितलं नाही.
सांगितलं तर उद्यापास्नं येऊ नको म्हणतील.

दुसऱ्या दिवशी बसवंताचा जुना शर्ट
लुगड्यावर चढवून गेलो.
त्याचे कपडे मीच धुतो, तीन पाण्यांनी,
तिसरंबी काळंच निघतंय.
गळ्यापर्यंत बटणं लावली.
लाव आता, म्हटलं.
पोरानं लावला.
दिवसभर पंप कमरेला घुरघुरत होता, मांजरागत,
आणि मी इतकं जपून चाललो
जसं पहिल्या खेपेलासुद्धा चाललो नव्हतो.

संध्याकाळी फॉर्म भरायला बसला.
टोकन नंबर?
आम्हा सातजणींना टोकन नाही.
आम्ही कंत्राटदाराच्या वहीत,
वहीत नावं नाहीत, नुसत्या रेघा.
पोरानं शर्टाच्या खिशाकडं बघितलं.
लाल दोऱ्यानं शिवलेला बसवंताचा नंबर, एकशे बारा.
मीच शिवलेला.
त्यानं तोच लिहिला.

महिन्यानं कागद आला.
एकशे बाराच्या पुढं दोन आकडे.
एक बारका. दुसरा त्याच्या चौपट.
मॅनेजरनं बसवंताला बोलावलं, पाठीवर हात ठेवला,
भट्टीवरनं काढून पॅकिंगला घातलं,
रोजचं अर्धा लिटर दूध लावलं,
आणि एक मास्क दिला, दोन डबड्यांचा, चांगला.
बसवंत म्हणाला, अहो साहेब, तो शर्ट माझा, खरं आत मी नव्हतो.
साहेब हसले. त्यांना वाटलं, हा कायतरी देवाधर्माचं बोलतोय.

मास्क त्यानं घरी आणला. माझ्यासाठी.
गालापाशी फट ऱ्हातीया.
पट्टा आवळून बघितला, मागं गाठ मारली,
शेवटी माझाच पदर दुमडून
त्या फटीत कोंबला बसवंतानं,
आणि म्हणाला, आता?

मी श्वास ओढला.
वास आला.
पदराचाच.