आधी कंदील

चौघं जमलो म्हणजे मंडळ झालं, इलाही म्हणाला,
मोबाईल दुरुस्तीच्या दुकानाचं शटर अर्धं ओढून.
नाव ठरेना. वर्गणी ठरली, महिना दीडशे.
त्यातून एक रेकॉर्डर, एक थर्मामीटर
आणि विजेचा वास लागला की किरकिरणारं एक यंत्र,
जे पहिल्याच संध्याकाळी
सुकुमार चौगुलेच्या मिक्सरला भूत म्हणालं.

वही माझ्याकडे आली.
पतसंस्थेत बारा वर्षं खतावणी लिहिते मी,
खाडाखोड करत नाही, म्हणून.

हरिपूरच्या वाटेवर चिंचा
अंधारात एकमेकींना टेकलेल्या.
बाबगोंडा पाटलांच्या रानात एक पेव उरलंय,
बाकीची पुरानं आतल्या आत बसली.
तोंड माणूस मावेल एवढं, पोट खोलीएवढं.
हळद तिथं वर्षानुवर्षं निजायची,
आता म्हणे खाली कुणीतरी पोती मोजतं.
गावात विचारलं,
तर ज्यानं त्यानं दुसऱ्याकडून ऐकलेलं.

परवानगीचा कागद लता बनसोडेनं
दोन प्रतींत टाईप करून आणला होता.
पाटलांनी सही केली, टोपण लावलं, मग विचारलं,
"कंदील आणलाय का?"
आम्ही टॉर्च दाखवले, चार.
"उजेडासाठी न्हवं, बाई.
पेव उघडलं की आधी दोरीनं कंदील सोडायचा.
इझला, तर माणूस सोडायचा न्हाई.
माझा चुलता न सोडताच उतरला हुता."
पुढं ते काही बोलले नाहीत
आणि हे वाक्य कोणत्या रकान्यात घालावं
मला कळेना.
तापमान, वेळ, आवाज, कारण,
एवढेच रकाने आखले होते मी.

त्यांच्याच गोठ्यातला कंदील, काच तडकलेली.
सहा हातांवर ज्योत बारीक झाली.
आठ हातांवर नव्हतीच.
वारा नव्हता. यंत्र गप्प होतं.
कुबट हवा, लता म्हणाली, शाळेत शिकवते ती विज्ञान,
आणि तरी दोन पावलं मागं सरकली.

मग त्याच दोरीला रेकॉर्डर बांधून सोडला
आणि आम्ही काठावर बसलो, अकरा ते दोन.
नियम एकच: ज्याचा आवाज होईल
त्यानं आपलं नाव सांगायचं, मोठ्यानं, लाज न बाळगता.
लता, खोकला.
सुकुमार, डास.
इलाही, पोट.
इलाही, पुन्हा पोट.
नदीकडून एक टिटवी, तिला कोण नियम सांगणार.

रविवारी दुकानात ऐकलं,
एकच हेडफोन, पाळीपाळीनं.
एक वाजून चाळीस मिनिटांवर
कुणीतरी म्हणतं, "सव्वीस."
अगदी सहज. दळणाची चिठ्ठी वाचावी तसं.
सुकुमारच्या हातावर काटा आला, त्यानं तो दाखवला.
इलाहीनं चहा सांगितला, मग बिस्किटंही.
इतके खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

माझा आहे तो, मी म्हणाले.
ओळखते मी. सव्वीसला माझी जीभ
किंचित दाताला लागते,
बेरीज करताना रोज लागते.
नाव सांगायचं राहिलं, चूक माझी.

कुणीच काही बोललं नाही.
चहा आला, तो थंड झाला.

आवाजाच्या रकान्यात लिहिलं: आकडा.
कारणाच्या रकान्यात लिहिलं माझं नाव.
घरी येऊन परत ऐकलं, तीनदा.
एक ते पंचवीस कुठंच नाहीत.
सत्तावीस नाही.
आणि आम्ही वर होतो, काठावर,
टिटवी लांब, इलाहीचं पोट लांब,
सगळेच आवाज विहिरीत पडल्यासारखे लांब,
हा मात्र रेकॉर्डरच्या शेजारी बसून म्हटलेला.

बारा वर्षांतली पहिली खाडाखोड.
नाव खोडलं. मग खोडलेल्याच्या वर
तेच नाव पुन्हा लिहिलं, बारीक, पेन्सिलनं.

पुढच्या महिन्याची वर्गणी:
वात, घासलेट,
पाटलांच्या कंदिलाला नवी काच.
आणि वहीत एक रकाना जास्त आखलाय.
त्याला अजून मथळा दिलेला नाही.