सांगटाचा उपास

कुटबणच्या धक्क्यावर पहाटे साडेचारला
माझं काम एवढंच:
लांबी, वजन, लिंग, जठरातलं अन्न.
चार रकाने, एक ताणकाटा
आणि कुस्तोदियोची सुरी.

सांगट म्हणतात इथे, वर मालवणाकडे शिंगाळा.
मिशा, काटे, बुळबुळीत अंग.
विसवण घ्यायला आलेले लोक
त्याच्या टोपलीवरून नजर उचलून पुढे जातात.

पण या दिवसांत नराचा जबडा उघडावा
तर आत गोट्या,
पोरांनी चड्डीच्या खिशात कोंबाव्यात तशा.
पिवळसर, चिंचोक्याहून मोठ्या,
आणि उजेडाला धरल्या तर
प्रत्येकीत दोन काळे ठिपके, आपल्याकडे बघणारे.

जोडीच्या दिवसांत मादी
पोटाखालच्या परांची ओंजळ करते,
अंडी त्यात झेलते.
तो वरून आपलं पाणी सोडतो
आणि एकेक उचलून तोंडात घेतो.
मग ती जाते. खायला.
कुणी नावं ठेवत नाही तिला,
समुद्रात शेजारी नसतात.

तो मागे उरतो.
दीड महिना, कधी दोन.
कोळंबी मिशीला घासून जाते,
तो जबडा तेवढाच हलवतो
जेवढ्याने आतलं पाणी फिरत राहील.

जठर: रिकामे, मी लिहिते.
जठर: रिकामे.
जठर: रिकामे.
एकदा मात्र पोटात एक अंडं सापडलं,
अर्धं विरघळलेलं.
भूक म्हणू, की घसरलं?
रकान्यात तेवढी जागा नव्हती.

जाळं वर खेचताना तो घाबरतो
आणि सगळं थुंकून टाकतो.
ट्रॉलरच्या फळ्यांवर अंडी गडगडतात,
गमबुटांखाली फुटतात.
कुस्तोदियो उरलेली वेचतो, तुपाच्या जुन्या डब्यात,
आणि धक्क्याला लागला की साळ नदीत ओततो.
उपयोग नाही, मी त्याला सांगितलं,
तोंडाबाहेर ती जगत नाहीत, बुरशी धरते.
"जाणां हांव," म्हणाला,
आणि ओतत राहिला.

फिल्सू चार वर्षं कुवेतला आहे,
कुणाच्या तरी जुळ्यांना न्हाऊ-माखू घालते.
रेविना बर्फाच्या पेट्यांमागे
जुन्या जाळ्यावर गोधडी टाकून झोपते, सात वाजेपर्यंत.
मग तो भिंडाच्या सालीने हात घासतो,
हुंगतो, पुन्हा घासतो,
आणि तिच्या वेण्या घालतो.
तरी वर्गात पोरं म्हणतात,
हिच्या रिबिनींना वास येतो.

त्या पहाटे त्याने एक अंडं धुतलं
आणि गालात ठेवलं.
मी हसले.
गाल फुगवून, डोळे मोठे करून
त्याने सांगटाचं तोंड करून दाखवलं.
तेवढ्यात फोन वाजला. कुवेत.

थुंकता आलं असतं.
त्याने फोन उचलला.
पलीकडून बरंच काही येत होतं:
पैसे पोचले का, दात दुखायचा थांबला का तिचा,
या नाताळालाही जमेलसं दिसत नाही.
"हूं," तो म्हणाला.
"हूं."
मग पेट्यांमागे गेला, फोन वळवला
आणि झोपलेल्या पोरीच्या तोंडासमोर
धरून उभा राहिला,
पलीकडचा आवाज थांबेपर्यंत.

परत येऊन त्याने अंडं तळहातावर काढलं,
डब्यात सोडलं.
कसं लागलं, मी विचारलं.
माझा कागद ओला झाला होता, तो मी उगाच झटकत होते.
"खारट."
पुढचा सांगट फळीवर ओढत
थोड्या वेळाने, जणू मला नाहीच सांगत:
"गिळचें अशें दिसता, बाय. खरेंच दिसता."

एकतीस सेंटिमीटर, मी म्हटलं. नर.
त्याने सुरी पुसली.